गुणांची पावती कोणाच्या हाती?



शाळेच्या परीक्षेवर बोलायला आपण मला उभे केलेत, याची मौज वाटते. नववीत मी शाळेला रामराम ठोकला. पुढले शिक्षण कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा शिक्षणशास्त्राची अपेक्षा माझ्याकडून धरू नका.

सांगलीहून साताऱ्याला येताना उसाचा मुलूख लागतो. गळिताच्या दिवसांत गाडी काट्यावर आधी भरलेली चढते, मग रिकामी चढते आणि वजनाची पावती गाडीवानाच्या हाती पडते. पूर्वीचा काटा जाऊन विजेचा आला, आकडे तांबडे उजळू लागले. म्हणून काटामारीची ओरड थांबली काय? आपण जाणताच. परंतु पावती हाती असल्यामुळे निदान भांडता तरी येते.

शाळेतही आता असाच विजेचा काटा आला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सांगितले आणि आपल्या राज्याने २० ऑगस्ट २०१० रोजी त्याचा शासननिर्णय काढला. कल्पना उत्तम होती. वर्षअखेरीस एकदाच तराजूत न घालता, मूल कोठे अडते ते वर्षभर पाहावे, टिपावे आणि त्याला हात द्यावा. घडले काय? ‘वर्णनात्मक नोंदीं’ची छापील पुस्तके बाजारात आली आणि त्यांतली वाक्ये वह्यांत उतरू लागली. मी शिक्षकांना बोल लावत नाही. एकाच मास्तरांकडे दोन-दोन वर्ग, वर आहाराचा हिशेब आणि मतदारयाद्या. बोजा वाढला की माणूस नक्कल करतो, हे मी कारखान्यांतही पाहिले आहे.

पुढे मोबाइल आला. २०२३-२४ पासून आपल्याकडे नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. त्यांचे गुण शिक्षकांनी विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरायचे. चॅटबॉट म्हणजे मोबाइलमधला यांत्रिक कारकूनच समजा. यंत्राला मी शत्रू मानीत नाही. पर्यायांचा पेपर ते क्षणात तपासते. एखाद्या तालुक्यात अपूर्णांक कोठे अडला आहे, हेही ते दाखवू शकते. माझे भांडण एवढेच की गुण वर जातात. मुलाकडे परत काय येते?

लेथवर असताना आमच्याकडे दोन इन्स्पेक्टर होते. पहिला जॉब हातात घ्यायचा, गेज लावायचा आणि ‘रिजेक्ट’ म्हणून बाजूला टाकायचा. दुसरा म्हणायचा, “बोअर मोठा झालाय, टूलची धार बघ.” दोघांचे माप एकच असायचे, चूक कोणाचीच नसायची. परंतु काम मी दुसऱ्याकडून शिकलो. संगणकाने पहिल्या इन्स्पेक्टरचे काम फार झपाट्याने केले, तरी ते पहिल्याचेच काम राहते.

वरच्या शिक्षणात तर झपाट्याचाही भरवसा उरला नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या १७ लाखांवर उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवले. तयारी अपुरी होती आणि घाई दांडगी. निकाल कित्येक आठवडे रखडले, पुढच्या प्रवेशांसाठी मुले तिष्ठत राहिली आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावे लागले. कारखान्यात नवे मशीन आणतात तेव्हा आधी चार दिवस ट्रायल घेतात, ऑपरेटरला शिकवतात. विद्येच्या घरी एवढे सुचू नये?

उलट आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. माण तालुक्यात विजयनगरच्या जिल्हा परिषद शाळेत बालाजी जाधव नावाचे शिक्षक होते. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी स्मार्टफोन कोठून असणार? त्यांनी साध्या फोनवरच कॉन्फरन्स कॉल लावले, मुलांना गोष्टी ऐकवल्या आणि त्यांना बोलते केले. मूल बोलू लागले की त्याला काय उमगले आणि कोठे अडखळले, हे मास्तरांच्या कानाला तत्काळ कळते आणि तिथल्या तिथे सांगता येते. यंत्र स्वस्तातले, परंतु तार दोन्ही टोकांनी जोडलेली.

आता घरचे सांगतो. माझी नात चौथीत आहे. गणितात तिला वीसपैकी अकरा गुण पडले. अकरा का, हे कोणालाच सांगता येईना. मी शाळेत गेलो. भांडायला आलो असे मास्तरांना वाटले असावे. युनियनवाल्याची कीर्तीच तशी! मी म्हटले, “गुरुजी, गुण राहू द्या, पेपर दाखवा.” दोघे मिळून पाने चाळली. बेरजा साऱ्या बरोबर, साध्या वजाबाक्याही बरोबर. वरच्या संख्येत शून्य आले की पोर हातचा घ्यायला बिचकत होती. तीनशे चारातून एकशे सत्तावीस वजा करताना गाडी रुतलेली. चुकलेल्या बहुतेक उत्तरांचे मूळ हेच.

गुरुजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तपासतानाच ध्यानात आलं होतं बघा. पण त्या दिवशी संध्याकाळच्या आत साऱ्या वर्गाचे गुण भरायचे होते, आणि हे लिहायला तिथं जागाच नव्हती.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी तिला शून्याच्या दहा वजाबाक्या घातल्या. आठ बरोबर आल्या. उरलेल्या दोन तिने रात्री माझ्यासमोर बसून पुन्हा केल्या.