बाटलीवर वाढलेला ग्वानाको

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपली सहल पेशवे पार्कला गेली होती, तेव्हा तुम्ही सगळे फुलराणीत बसलात आणि मी हरणांच्या कुंपणाला चिकटून राहिलो. माझ्यापायी एस.टी. अर्धा तास थांबली. भोरला पोचेपर्यंत सर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पुढे परळला पशुवैद्यक शिकलो आणि नोकरीची बरीच वर्षं युरोपातल्या एका प्राणिसंग्रहालयात काढली. माझ्याकडे दक्षिण अमेरिकेतले चरणारे प्राणी होते. लामा, अल्पाका आणि ग्वानाको. सगळे उंटाचे भाऊबंद, पण वशिंड नाही. लामा आणि अल्पाका पाळीव, ग्वानाको रानटी.

ग्वानाको सांभाळायला सोपा, असं पहिल्या वर्षी वाटतं. अख्खा कळप ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो, त्यामुळे झाडलोट झटपट उरकते. मादी गाभण आहे का, हे बघायला नर जवळ सोडायचा. गाभण असली तर ती कान मागे पाडून त्याच्यावर थुंकते! अकरा-साडेअकरा महिन्यांनी एकच पिल्लू होतं, तेही बहुधा सकाळच्या वेळी. ही आई गाईसारखी पिल्लाला चाटून कोरडं करत नाही. डोंगरातली गार रात्र पडायच्या आत ते उन्हावाऱ्यानंच सुकावं लागतं.

एका वर्षी एक मादी विताना गेली. पिल्लू नर होतं. मी ते घरी आणलं, रात्री उठून उठून बाटलीनं दूध पाजलं. ते माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात यायचं. बघायला येणारी मुलं त्याच्या गळ्यात पडायची, फोटो काढायची. मला कोण अभिमान!

दोन-अडीच वर्षांचा झाल्यावर त्यानं आमच्या एका राखणदाराला छातीनं धडक देऊन पाडलं आणि मांडीला चावा घेतला. बारा टाके पडले. कळपात नर नराशी असाच भांडतो, हद्दीसाठी आणि माद्यांसाठी. याच्या लेखी आम्ही माणसंच ग्वानाको होतो. त्याला खच्ची केलं, पण उपयोग झाला नाही. त्याला दुहेरी कुंपणात एकटं ठेवावं लागलं. राखणदार मला काही बोलला नाही. चूक माझी होती, हे त्यालाही माहीत होतं.

तेव्हा मला वेल्ह्याची आजी आठवली. तिच्याकडे शेळ्या होत्या. आई मेलेलं करडू मी मांडीवर घेतलं की ती ओरडायची, "ठेव ते खाली, शेळ्यांत राहू दे." दुसऱ्या शेळीचे पाय धरून ती त्याला पाजायची. परळला मी पाच वर्षं शिकलो, पण हे तिथं नेलं नव्हतं.

पुढच्या पोरक्या पिल्लाला आम्ही कळपातच ठेवलं. बाटली द्यायची, न बोलता, न कुरवाळता, आणि बाहेर पडायचं. फार जड जायचं. वर्षभरानं कळपातल्या मोठ्या नरानं त्याला हुसकायला सुरुवात केली. रानात अशी पोरं स्वतः निघून जातात, कुंपणात ती मार खातात. म्हणून त्याला वेळीच तरुण नरांच्या कळपात हलवलं. पुढे तो दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात गेला आणि तिथं त्याला पिल्लं झाली.

निवृत्तीच्या दिवशी त्या पहिल्याकडे गेलो. तो म्हातारा झाला होता. मला बघून पळत आला, कान मागे पाडले आणि जाळीवर धडकला.