काळाघोडा किती फूट?

(मंडळाच्या श्रावणातील मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळानं आम्हाला 'सकाळचा रेडिओ आणि आपलं शहर' असा विषय दिला. आम्ही पडलो सरकारी नोकर, सिव्हिलचा डिप्लोमा केलेले, भाषणाची सवय नाही. सकाळी डबा भरला जात असताना रेडिओवर श्रोत्यांचे फोन चालू असतात. कधी रस्ते, कधी घरपट्टी, कधी मोकाट गुरं. पण पावसाळा लागला की बडोद्यात प्रश्न एकच उरतो, 'काळाघोडानी सपाटी केटली?' आम्ही ऐकतो आणि गप्प बसतो, कारण नोकरीच्या नियमांमुळे आम्हाला फोन लावता येत नाही. आज मात्र आपल्या माणसांत आहोत. जे सर्वांना ठाऊक असायला हवं, तेवढंच बोलू.

रेडिओवर दोन आकडे रोज येतात. 'आजवा 212 फूट, काळाघोडा 18 फूट.' पुष्कळांना वाटतं, दोन्ही एकाच मापाचे. तसं नाही. आजव्याचा आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो. काळाघोड्याचा आकडा म्हणजे पुलाजवळच्या मोजपट्टीवर विश्वामित्रीचं पाणी किती चढलं ते. तिथे पंचवीस-सव्वीस फूट झाले की धोका. 2024 च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या सुमारास, ती 35 फुटांच्या वर गेली होती.

मग फोनवर पहिली तक्रार ठरलेली: 'आजव्याचं पाणी सोडलं म्हणून आमच्या घरात शिरलं.' यात अर्धं खरं आहे. सयाजीराव महाराजांनी आजवा बांधला तो शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून. 1892 पासून ते पाणी उतारानं शहराकडे येतं आणि पूर्वेकडच्या वस्त्या आजही त्यावर जगतात. तलाव रिकामा ठेवला तर पूर अडवायला जागा राहते, पण पुढच्या उन्हाळ्यात नळाला पाणी नाही. भरलेला ठेवला तर उन्हाळा सुखाचा, पण ऐन श्रावणात मोठा पाऊस झाला की 62 दरवाज्यांतून पाणी नदीतच येणार. म्हणून पावसाळ्यात पातळी किती फुटांवर धरायची, हाच खरा धोरणाचा प्रश्न. फोन करणाऱ्यानं 'पाणी का सोडलं' विचारण्यापेक्षा 'जुलैत किती ठेवलं होतं' असं विचारावं. त्याचं उत्तर देणं कुणालाही टाळता येणार नाही.

आता उरलेलं अर्धं. सगळं पाणी आजव्याचं नसतं. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ वीस इंच पाऊस पडला. तो शहरावरच पडला होता. पावागडाकडून येणारी आपली नदी नागमोडी, उतार कमी. पूर्वी तिच्या दोन्ही काठांना कोतरं होती, शहरात तळी होती, भूखी कांस, रूपारेल कांस यांसारखे ओढे होते. पाणी तिथे थांबायचं, पसरायचं. आता कोतरांत भराव आहे, तळ्यांच्या जागी सोसायट्या आहेत, कांस कुठे झाकलेली तर कुठे अरुंद झालेली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2021 साली नदी आणि तिची पूरभूमी जपण्याचा आदेश दिला. 2024 च्या पुरानंतर 2025 च्या पावसाळ्याआधी शंभर दिवसांची मोहीम काढून पात्रातला गाळ काढला, पात्र रुंद केलं. काम झालं, हे मान्य करू. पण पात्र खोल केलं तरी कोतरं परत येत नाहीत.

आणि भराव कुणी केला? बिल्डरनं केला, परवानगी कुणी दिली, हे विचारलंच पाहिजे. पण स्वस्त भाव पाहून ते फ्लॅट घेतले कुणी? आपणच. आम्हीही समा भागात तळमजला घेतला तेव्हा जमिनीची उंची पाहिली नाही, बसस्टॉप जवळ आहे एवढंच पाहिलं. आणि डिप्लोमा सिव्हिलचा!

2024 च्या पुरात आमची ड्युटी कंट्रोल रूमवर होती, सलग दोन रात्री. दर तासाला आकडा लिहायचा, वर कळवायचा. मध्यरात्री आईचा फोन आला. आम्ही म्हटलं, 'काळाघोडा तेहतीस झालंय.' आई म्हणाली, 'अरे, त्या तेहतीसचं मी काय करू? पाणी उंबऱ्याला लागलंय. देव वर नेऊ की नको, तेवढं सांग.'

आम्हाला उत्तर देता आलं नाही. आकडा आमच्या हातात होता, पण तेहतीस फुटांना आमच्या गल्लीत पाणी कुठवर येतं हे आम्हाला माहीत नव्हतं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या पटेलकाकांनी आणि त्यांच्या मुलांनी आईला खुर्चीसकट उचलून वर नेलं. देव्हारा आईच्या मांडीवर होता. खालचं फ्रीज, गाद्या, वडिलांच्या हातच्या वह्या, सगळं गेलं. वह्या सोडल्या तर बाकीचं पुन्हा घेता आलं.

म्हणून या गणेशोत्सवात मंडळानं तीन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. पहिली, आपल्या प्रत्येक सभासदानं 2024 चं पाणी जिथवर आलं तिथे भिंतीवर रंगाची रेघ मारावी आणि पाणी फाटकातून आत आलं तेव्हा काळाघोडा किती होता, ते आठवून बाजूला लिहावं. दहा घरांच्या नोंदी जुळल्या की गल्लीचा आकडा कळेल. मग रेडिओवरचा आकडा आपल्या उंबऱ्याशी बोलू लागेल. दुसरी, तळमजल्यावर एकटे राहणाऱ्या आजी-आजोबांची यादी करून प्रत्येकामागे दोन तरुणांची नावं लिहावीत. तिसरी, आपली मूर्ती शाडूची असावी, विसर्जन कृत्रिम तलावात व्हावं आणि निर्माल्याची पिशवी पुलावरून खाली जाऊ नये. नदीला जागा द्या म्हणून सरकारला सांगताना आपल्या हातात पिशवी नको.

सयाजीरावांचा अभिमान आपण प्रत्येक कार्यक्रमात सांगतो. काळ्या घोड्यावरून ते रोज नदीकडचा रस्ता पाहताहेत. त्यांनी पाणी शहरात आणलं. ते शहरातून नीट जाऊ देणं आपल्या वाट्याला आलंय.

रेडिओवर फोन जरूर करा. आम्हाला करता येत नाही, तुम्हाला येतो. फक्त फोन करण्याआधी आपल्या भिंतीवरची रेघ पाहून घ्या.

गणपती बाप्पा मोरया.