आपल्या घरातल्या कलावंताचं आयुष्य कोण लिहिणार?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



'कलावंतांची आत्मचरित्रं आणि चरित्रं' असा विषय मला दिला आहे. पुस्तकांवर मी बोलणारच आहे, पण सुरुवात घरापासून करतो. मी या पुस्तकांकडे वळलो त्याचं कारण घरातच आहे.

माझे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. बँड त्यांचा नव्हता. मालक दुसरा, नाना रोजावर वाजवणारे. लग्नसराईत वराती, गणपतीत मिरवणुका, उरुसात संदल. पावसाळ्यात काम नसायचं, तेव्हा नानींच्या विड्यांवर घर चालायचं. नानांच्या क्लॅरोनेटवर चार मुलं मोठी झाली, शिकली.

पुढे खालाच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. मुलाकडच्यांनी विचारलं, वडील काय करतात? आमच्याकडून उत्तर गेलं, 'किरकोळ व्यापार आहे.' नाना तिथंच बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर क्लॅरोनेट माळ्यावर गेलं. मी कॉलेजात असताना घर रंगवायला काढलं, तेव्हा ते भंगारात गेलं. कुणी रागानं फेकलं नाही. ते ठेवावं असं कुणालाच वाटलं नाही, एवढंच. त्या 'कुणालाच'मध्ये मीही होतो.

नंतर मला अक्कल आली. वही घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. ते हसून म्हणाले, "मेरा क्या लिखनेका है बेटा?" मी म्हटलं, बरं, पुढच्या सुट्टीत बोलू. पुढच्या सुट्टीपर्यंत त्यांना अर्धांगाचा झटका आला होता आणि बोलणं गेलं होतं. आज माझ्याकडे त्यांचा गणवेशातला एक फोटो आहे, आणि मोबाईलवर तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग. त्यात ते क्लॅरोनेटची पत्ती तोंडात ओली कशी करायची ते सांगतात. पन्नास वर्षांच्या आयुष्यातली तीन मिनिटं.

ही लपवाछपवी फक्त आमच्या घरातली आहे असं मला वाटायचं. मग मी दिलीपकुमार यांचं आत्मचरित्र वाचलं. उदयतारा नायर यांना त्यांनी ते सांगितलं आणि 2014 साली ते इंग्रजीत प्रसिद्ध झालं. युसुफ खान हे पेशावरच्या फळव्यापाऱ्याचे चिरंजीव. काही शिक्षण आपल्या देवळालीत झालेलं, पुण्यात लष्कराच्या कँटीनमध्ये काम केलेलं. बॉम्बे टॉकीजमध्ये देविकाराणींनी नाव बदलायचं सुचवलं, तेव्हा त्यांना ते सोयीचंच वाटलं, कारण वडिलांची भीती होती. पृथ्वीराज कपूर यांचे वडील बशेश्वरनाथ हे त्यांच्या वडिलांचे दोस्त. 'तुमचा मुलगा नौटंकी करतो' म्हणून वडील या दोस्ताची चेष्टा करायचे. 1944 साली पहिला चित्रपट आला, तरी घरात पत्ता नव्हता. शेवटी त्याच बशेश्वरनाथांनी 'जुगनू'चं मोठं पोस्टर दाखवलं, तेव्हा वडिलांना कळलं की आपलाही मुलगा तेच करतो.

हे वाचताना मला खालाचं लग्न आठवलं. दिलीपकुमारांनी आपला धंदा वडिलांपासून लपवला, आम्ही वडिलांचा धंदा जगापासून लपवला. फरक इतकाच की त्यांनी म्हातारपणी बसून ते सगळं सांगितलं आणि कुणीतरी ते लिहून घेतलं.

आता इथं कुणाच्या तरी मनात प्रश्न आला असेल, की संगीत जायज आहे का? हा वाद उलेमांमध्ये शेकडो वर्षं चालू आहे. मी फतवा द्यायला आलेलो नाही, तो माझा अधिकारही नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या माणसाच्या कष्टाची भाकरी आपण खाल्ली, त्याचे कष्ट नाकारायचे का? संगीताबद्दल तुमचं मत काहीही असो, या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. आणि आणखी एक बघा. सूर सोडले तरी आमच्या घरात एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे प्रतिष्ठा. वाजवणारा खालचा, दुकानदार वरचा. त्यासाठी नेहमी दीनचा आधार लागतो असं नाही, जमातीतली उतरंड पुरते.

पुस्तकांकडे परत येतो. कपाटात पहिलं नाव अल्लादियाखाँसाहेबांचं. ते 1855 साली राजस्थानात जन्मले आणि शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारात गवई झाले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या सगळ्यांनी त्यांच्याकडून तालीम घेतली. मराठी माणूस ज्याला आपलं शास्त्रीय संगीत म्हणतो, त्याचा केवढा मोठा भाग या एका मुसलमान घरातून आला आहे! खाँसाहेबांनी स्वतः पुस्तक लिहिलं नाही. उतारवयात त्यांनी आपलं आयुष्य नातवाला, अझिझुद्दीनखाँना, उर्दूत सांगितलं. नातवानं ते लिहून ठेवलं. त्याचं इंग्रजी भाषांतर 2000 साली छापून आलं, म्हणजे खाँसाहेब 1946 साली गेल्यानंतर अर्ध्या शतकानं. तोवर ते टिकलं, कारण नातवानं ऐकलं होतं. त्यात सगळे विजयच नाहीत. तरुणपणी एका संस्थानात सतत गाऊन गाऊन त्यांचा आवाजच बसला. तो बराच काळ परत आला नाही, आणि आला तेव्हा पहिल्यासारखा नव्हता. मग त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली. मराठीत गोविंदराव टेंबे यांनीही त्यांचं चरित्र लिहिलं आहे. म्हणजे एकाच माणसाबद्दल नातू काय ऐकतो आणि जाणकार चाहता काय पाहतो, हे दोन्ही आपल्याला ताडून पाहता येतं.

दुसरं नाव शाहीर अमर शेख. 1916 साली बार्शीत जन्मलेले मेहबूब पटेल. बसवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग शाहीर. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात ते गायले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. हे राज्य मिळवण्यात मुसलमानांचा वाटा काय, असं कुणी विचारलं तर हे नाव सांगा. पण नुसतं नाव सांगून थांबू नका. त्यांची मुलगी मलिका अमर शेख यांची दोन पुस्तकं वाचा. 'सूर एका वादळाचा' हे वडिलांवरचं आहे. 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे 1984 साली आलेलं त्यांचं स्वतःचं आत्मकथन. वडील मोठे शाहीर, नवरा नामदेव ढसाळ, म्हणजे मोठा कवी आणि दलित पँथरचा संस्थापक. अशा दोन मोठ्या पुरुषांच्या मध्ये वाढलेली, संसार केलेली बाई त्या संसारातली मारहाण, आजार आणि एकटेपण नाव घेऊन सांगते. पुस्तक आलं तेव्हा त्या तिशीच्याही आत होत्या. चळवळीतल्या माणसांना हे पुस्तक आजही अवघड जातं, आणि म्हणूनच आपल्यासारख्यांनी ते वाचलं पाहिजे. समतेची भाषा बोलणाऱ्याच्या घरात काय चालतं, हे फक्त घरातलं माणूस सांगू शकतं.

इथल्या मुलींना मी आणखी दोन नावं सांगतो. शौकत कैफी हैदराबादच्या. शायर कैफी आझमींशी लग्न करून त्या मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या कम्यूनमध्ये राहायला आल्या. 'याद की रहगुज़र' या उर्दू आठवणींमध्ये त्यांनी त्या एका खोलीतला संसार लिहिला आहे. पहिलं मूल वर्षभराचं होऊन गेलं. लहानग्या शबानाला पाठीशी बांधून त्या पृथ्वी थिएटरच्या तालमींना जायच्या. दुसऱ्या जोहरा सहगल. 1912 साली सहारनपूरला जन्म, पठाण घराणं, पडद्यातलं बालपण. तिथून जर्मनीत ड्रेस्डेनला जाऊन त्या नृत्य शिकल्या, उदयशंकरांबरोबर जग फिरल्या, पृथ्वी थिएटर्समध्ये वर्षानुवर्षं गावोगाव नाटकं केली. 102 वर्षं जगल्या. त्यांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्याच, शिवाय मुलगी किरण सहगल हिनं आईवर वेगळं पुस्तक लिहिलं. 'मुस्लीम स्त्री' म्हटलं की टीव्हीवर जे एकच चित्र दाखवतात, त्याच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा ही पुस्तकं समोरच्याच्या हातात ठेवा.

पण एक सावधगिरी. आत्मचरित्र म्हणजे सत्य असं धरून चालू नका. मी वाचताना तीन प्रश्न विचारतो. एक, हे कोण सांगतंय आणि कुणाला? नातवाला सांगताना आजोबा काही गोष्टी गाळणारच. दोन, कुणाचा आवाज इथं नाही? तबल्यावर कोण होतं, स्वयंपाक कोण करत होतं, उधारी कुणी फेडली? तीन, लेखक स्वतःच्या चुकीबद्दल काही बोलतो का, की सगळा दोष दुसऱ्यांचा?

तिसऱ्या प्रश्नावर नसीरुद्दीन शाह यांचं पुस्तक मला पटलं. सई परांजपे यांनी ते 'आणि मग एक दिवस' या नावानं मराठीत आणलंय, त्यामुळे इंग्रजीची सबब नको. पहिल्या लग्नातल्या मुलीकडे आपण किती दुर्लक्ष केलं, हे ते स्वतःला न वाचवता लिहितात. वडिलांशी त्यांचं कधी जमलं नाही. मुलानं नट व्हावं हे वडिलांना मान्य नव्हतं. वडील गेले तेव्हा ते दफनाला वेळेवर पोचू शकले नाहीत. नंतर कबरीजवळ बसून, जे आयुष्यभर बोलता आलं नाही ते बोलले. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं. नानांच्या कबरीजवळ मीही बसलो आहे, पण माझी अडचण उलटी होती. मला बोलायचं नव्हतं, ऐकायचं होतं.

ही सगळी मोठी माणसं. त्यांच्याकडे प्रकाशक आले, लेखक आले. तुमच्या गल्लीत कोण आहे ते आठवा. तमाशाच्या फडावर ढोलकी वाजवलेले चाचा असतील. उरुसात कव्वाली गाणारे, मोहर्रमला ताशा वाजवणारे, लग्नात गीत गाणाऱ्या नानी-दादी असतील. टुरिंग टॉकीजवर मशीन चालवणारा असेल. त्यांच्याकडे प्रकाशक येणार नाही, तुम्हालाच जावं लागेल. आज सगळे विचारतात, या मातीत मुसलमानांचं काय? त्याचं उत्तर आपल्या घरातच म्हातारं होतंय, आणि आपण मोबाईल बघत बसलोय.

तोच मोबाईल वापरा. जाऊन शेजारी बसा. 'तुमचा जीवनप्रवास सांगा' असं म्हणू नका, माणूस घाबरतो. विचारा, पहिली बिदागी किती मिळाली आणि तिचं काय केलं? वाद्य कुठून घेतलं? उस्ताद कोण, मारायचे का? वरातीत वाजवायला गेलात तर जेवायला कुठं बसवायचे? या शेवटच्या प्रश्नावर ते गप्प झाले तर घाई करू नका. तिथंच खरी गोष्ट असते. ते ज्या बोलीत बोलतील, दखनीत, मराठीत, मिसळून, त्याच बोलीत उतरवा. सुधारू नका. छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा, जे नको म्हणतील ते काढा. आणि घरातल्या बायकांना वेगळं विचारा, त्यांची हकीकत वेगळी निघते.

ते म्हणतील, मेरा क्या लिखनेका है. सगळेच म्हणतात. तेव्हा पुढच्या सुट्टीत बोलू असं म्हणून उठू नका.

गेल्या ईदला मी खालाच्या घरी ते तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग लावलं. तिचा मुलगा, सोळा वर्षांचा, म्हणाला, "हे कोण बोलतंय?" खाला थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझे नाना. बँडमध्ये वाजवायचे." त्या घरात हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं. मुलगा म्हणाला, "भारीच की. मला आधी का नाही सांगितलं?"

त्याच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ देऊ नका.