जुने बास्केटबॉलपटू, आजचे मैदान

जुन्या पिढीतले बास्केटबॉलचे दिग्गज आजच्या एनबीएत टिकले असते का, या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. 1962 सालचा खेळाडू त्याच्या कापडी बुटांसकट आणि त्या वेळच्या तुटपुंज्या सरावासकट उचलून आज मैदानावर उभा केला तर काय होईल, हा पहिला. तोच मुलगा आज जन्मला असता, आजच्या प्रशिक्षकांच्या हाताखाली वाढला असता तर काय झाले असते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेकदा 'नाही' असे येते, दुसऱ्याचे बहुतेकदा 'हो'. वाद घालणाऱ्यांपैकी एक जण पहिल्याचे उत्तर देत असतो, दुसरा दुसऱ्याचे, आणि भांडण मिटत नाही.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा एसटीचालक डोळ्यांपुढे आणावा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी रेटावे लागे, डबल क्लच दाबल्याशिवाय गिअर पडत नसे, आणि बोरघाटाच्या वळणावर समोरून कण्हत येणारा ट्रक असे. त्याला लागलेला वेळ आजच्या द्रुतगती मार्गावरच्या चालकाच्या वेळेशी ताडून कोणी त्याला मठ्ठ ठरवले, तर ती तुलना रस्त्यांची झाली, चालकांची नव्हे. त्याला आजची गाडी द्यावी, चार दिवस हात बसू द्यावा आणि मग घड्याळ लावावे.

बास्केटबॉलचा रस्ता किती बदलला, हे नियमांवरून कळते. 22 नोव्हेंबर 1950 रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सला 19-18 असे हरवले. लेकर्सच्या जॉर्ज मायकनच्या हाती चेंडू पडू नये म्हणून पिस्टन्सचे खेळाडू तो नुसता धरून उभे राहिले होते. असल्या खेळाला आळा घालण्यासाठी 1954 साली 24 सेकंदांचे शॉट क्लॉक आले. बास्केटखालच्या पट्ट्यात आक्रमकाला फार वेळ थांबता येत नाही. हा पट्टा आधी 6 फुटांचा होता. तो 1951 साली मायकनमुळे 12 फुटांचा आणि 1964 साली विल्ट चेंबरलेनमुळे 16 फुटांचा केला गेला. एनबीएत तीन गुणांची रेषा आली ती 1979 च्या मोसमात. बचाव करणाऱ्याने समोरच्याच्या अंगावर हात टेकवून त्याला अडवायचे, ही रीत 2004 पासून कडक शिट्टीने मोडली. ड्रिबल करताना तळहात चेंडूच्या खाली गेला की जुने पंच खेळ थांबवत. आज त्याच हालचालीवर टाळ्या पडतात. बॉब कूझीच्या जुन्या चित्रफिती पाहून 'याला नीट ड्रिबलही येत नव्हते' म्हणून हसणाऱ्यांनी त्या काळची नियमपुस्तिका आधी चाळावी.

रेषेची गोष्ट तर सगळ्यात मोठी. 1970 च्या अंतिम मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यात न्यूयॉर्क निक्स 102-100 असे पुढे असताना लेकर्सच्या जेरी वेस्टने सुमारे 60 फुटांवरून चेंडू फेकला आणि तो बास्केटमध्ये पडला. गुण मिळाले दोन, बरोबरी झाली, आणि जादा वेळेत निक्स जिंकले. आजच्या नियमांनी लेकर्स तिथेच जिंकले असते. लांबून फेकून दोनच गुण मिळत असतील, तर लांबून फेकायला शिकवणार कोण? रेषा आल्यावरही प्रशिक्षकांना ती बरीच वर्षे पटली नाही. पहिल्या मोसमात एक संघ सामन्यामागे जेमतेम तीन वेळा तिच्याबाहेरून फेक करी. आज 35 हून अधिक वेळा करतो. लॅरी बर्डने 1986 ते 1988 अशा लागोपाठ तीन वर्षी थ्री-पॉइंट स्पर्धा जिंकली, पण कारकिर्दीत सामन्यामागे त्याने सरासरी दोन वेळाही तशी फेक केली नाही. हात होता, तशी पद्धत नव्हती.

यावर म्हणणारे म्हणतात की सवय अशी सहज बदलत नाही. ब्रूक लोपेझचे उदाहरण त्यांनी पाहावे. हा 7 फुटी सेंटर पहिल्या आठ मोसमांत मिळून फक्त 31 वेळा रेषेबाहेरून चेंडू फेकतो, त्यातले 3 पडतात. मग 2016 मध्ये नवा प्रशिक्षक येतो, लांबून फेक म्हणतो, आणि त्या एका मोसमात लोपेझ 387 फेकी करून 134 टाकतो. वय 28, उंची तीच, हात तेच. पुढे 2021 साली तो मिल्वॉकी बक्सच्या विजेत्या संघात सेंटर म्हणून खेळला. एका चालू खेळाडूला एका उन्हाळ्यात हे जमले, तर ऑस्कर रॉबर्टसनला किंवा वेस्टला लहानपणापासून शिकवले असते तर जमले नसते, असे मानायला काहीच आधार नाही.

मुद्दा पुन्हा सांगणे भाग आहे, कारण तो हमखास निसटतो: माणूस उचलायचा असेल तर त्याच्याबरोबर आजची गाडी आणि आजचा रस्ताही द्यायचा की नाही, हे आधी ठरवावे. ते न ठरवता दिलेले उत्तर निरुपयोगी.

मात्र हीच शिस्त जुन्यांच्या भक्तांनीही पाळायला हवी. चेंबरलेनने 2 मार्च 1962 रोजी हर्शी गावी एका सामन्यात 100 गुण केले आणि त्या मोसमात सामन्यामागे सरासरी 50.4 गुण व 25.7 रिबाउंड मिळवले, हे खरे. पण त्या वेळी लीगमध्ये 9 संघ होते, आज 30 आहेत. खेळ धावपळीचा होता. एक संघ सामन्यात 100 हून अधिक वेळा बास्केटवर चेंडू फेकत असे, आज हा आकडा 90 च्या आसपास आहे. नेमही आजच्यापेक्षा कच्चा होता. जितक्या फेकी चुकणार तितके रिबाउंड जास्त, हा साधा हिशेब आहे. शिवाय 1950 पर्यंत लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, आणि त्यानंतरही अनेक वर्षे संघांत त्यांची संख्या अलिखित मर्यादेतच राहिली. आज सव्वाशेच्या आसपास परदेशी खेळाडू आहेत. सर्बियाचा निकोला योकिच तीनदा सर्वोत्कृष्ट ठरला आहे. घाटात मोजक्याच गाड्या असताना पहिला येणे आणि गर्दीत पहिला येणे यांतला फरक जुन्यांच्या चाहत्यांना मान्य करावाच लागेल.

शरीराचा प्रश्न राहतो. आजचे खेळाडू अधिक दणकट आहेत यात शंका नाही, पण त्यात व्यायामशाळा, आहार, शस्त्रक्रिया आणि संघासाठी खास राखलेली विमाने यांचा वाटा मोठा आहे. पन्नाशीच्या दशकातले कितीतरी खेळाडू उन्हाळ्यात पोटासाठी दुसरी नोकरी करत. एल्जिन बेलर 1961-62 मध्ये वॉशिंग्टन राज्यात लष्करी सेवेत होता. सुटी मिळाली की साध्या प्रवासी विमानाने यायचे, खेळायचे आणि परत हजर व्हायचे, असे करत तो 48 सामने खेळला आणि त्याची सरासरी 38.3 गुण पडली. संघाबरोबर रोजचा सराव नसताना हे घडले, याची दखल टीकाकारांपैकी फारच थोडे घेतात. पुढे त्याचे गुडघे गेले. आजच्या शल्यचिकित्सेने ते किती वाचले असते, हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

उलटा प्रश्नही विचारायला हवा. द्रुतगती मार्गावरच्या चालकाला जुन्या गाडीत बसवून घाटात सोडले तर? स्टीफन करीला 1958 सालात नेले तर त्याच्या लांब फेकीला दोनच गुण, त्याच्या ड्रिबलला पंचाची शिट्टी, पायात कापडी बूट आणि अंगावर सतत प्रतिस्पर्ध्याचा हात. तो तिथेही चांगलाच खेळला असता, पण खेळाची रीत बदलणारा करी तिथे दिसला नसता. हा धागा आणखी ओढता येईल. वेळ तेवढा नाही.

तेव्हा निकालाकडे, माणूस तोच पण गाडी आणि रस्ता आजचा असे धरून. मायकनला आजच्या मैदानावर कठीण जाईल. तो संथ होता, आणि आजच्या सेंटरला बास्केटपासून दूर जाऊन चपळ गार्डलाही अडवावे लागते. कूझीची चेंडू देण्याची दृष्टी आजही कामाची आहे, पण कारकिर्दीत त्याच्या फक्त 37.5 टक्के फेकी यशस्वी झाल्या. बचाव करणारे त्याला मोकळे सोडून मागे सरतील, म्हणून त्याला नेमबाजी नव्याने शिकावी लागेल. बिल रसेलची काळजीच नको. 13 मोसमांत 11 विजेतेपदे मिळवणारा हा उंच उडीचा खेळाडू धावण्यातही चपळ होता आणि अडवलेला चेंडू बाहेर न धाडता सहकाऱ्याकडे वळवत असे. त्याने ब्लॉक किती केले याचा अधिकृत आकडा नाही, कारण लीगने ते मोजायला सुरुवात 1973 साली केली. करीम अब्दुल-जब्बारचा स्कायहूक आजही अडवायला अवघडच. रॉबर्टसनने 1961-62 मध्ये गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दोन आकडी सरासरी राखली, आणि त्यानंतर ते पुन्हा घडायला 2017 साल उजाडले. वेस्टला रेषा मिळाली की काम झाले.

राहिला चेंबरलेन. 7 फूट 1 इंच उंची, दांडगी ताकद, उंच उडीतले कसब, हे सगळे आजही लागतेच. फ्री थ्रो मात्र त्याचे जवळपास निम्मे चुकत, आणि आजचे प्रशिक्षक मुद्दाम फाउल करवून त्याचा पुरेपूर फायदा घेतील. सामन्यामागे 50 गुणांची सरासरी त्याला आज जमणार नाही. 30 गुण तो करील, आणि आजच्या लीगमध्ये तेवढ्यावर संघाचे नेतृत्व मिळते.