अंगणवाडीत नाव घातलंत का?

रायपूरच्या तात्यापाऱ्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. त्यांतलं एक घर तुमचं असेल आणि तुमच्याकडे कामाला येणारी बाई गरोदर असेल, तर तिला एवढं जरूर विचारा: अंगणवाडीत नाव घातलंस का?

अंगणवाडीतला आहार म्हणजे कुणाचे उपकार नव्हेत. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क दिला आहे: आईला गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने, मुलाला सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत. आईसाठी रोज 600 कॅलरी, 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं. छत्तीसगडात घरी न्यायला 'रेडी टू ईट'चं पाकीट मिळतं. गहू, हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे यांचं ते पीठ शिजवून, मऊसर करून बाळाला भरवायचं. पण ते घरभर वाटलं गेलं, तर ज्यांच्यासाठी आलं त्यांच्या वाट्याला मूठभरच उरतं. म्हणून पाकीट वेगळं ठेवा, हे मी आग्रहाने सांगते.

कुपोषणाकडेही लक्ष ठेवा: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आहाराखेरीज मातृवंदना योजनेतून पात्र आईला पहिल्या बाळासाठी 5000 रुपये मिळतात. दुसरी मुलगी झाली तर 6000. अर्ज अंगणवाडी ताईंकडेच करता येतो.