मातीचं घर, भाड्याच्या खोल्या आणि बँकेचं कर्ज

लेण्याद्री-ओझरला अष्टविनायकाचे भाविक वर्षभर येतात. मग गावाकडच्या रानात मातीच्या दोन खोल्या बांधू, नाहीतर कंटेनरचं कॉटेज टाकू आणि भाड्याने देऊ, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. पण होमलोन मागायला गेलं की बँक मागे सरते. का?

कारण बँक एकच बघते: हप्ते थकले तर हे विकून पैसे निघतील का? मातीच्या घराचे व्यवहार आसपास झालेले नसले की व्हॅल्युअर किंमत कमी धरतो. कंटेनर तर उचलून नेता येतो, मग तारण कशाचं?

खरी गोम मात्र सातबाऱ्यात आहे. 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 31 मुळे शेतजमिनीवर बँकेला त्या कायद्याने जप्ती आणता येत नाही. म्हणून भिंत मातीची की विटेची, हा प्रश्न नंतरचा. आधी जागा एनए हवी, नाहीतर गावठाणातली. गावठाणात घर असेल तर 2020 च्या स्वामित्व योजनेतलं प्रॉपर्टी कार्ड कामाला येतं.

लेण्यांच्या जवळ जागा असेल तर अजून एक. संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या 200 मीटरला परवानगी लागते.

खर्च थोडा असेल तर मुद्रा कर्ज विचारा. त्याला तारण लागत नाही, आणि 2025 च्या केंद्रीय बजेटमध्ये होमस्टेसाठी ते जाहीर झालंय.

घाईत महागडं पर्सनल लोन काढू नका. भाडं सीझनला येतं, हप्ता दर महिन्याला. आधी कागद, मग नकाशा, मग कर्ज. माती सगळ्यात शेवटी कालवा!