बडतर्फीचा आदेश हाती आला, तर

जव्हार-मोखाड्याच्या बँक शाखांत काम करणारे शिपाई, क्लार्क, कॅशियर आणि त्यांच्या घरची माणसं यांच्यासाठी आजचा विषय आहे. गैरवर्तनाचा ठपका ठेवून बँकेनं बडतर्फ केलं, तर दाद कशी मागायची?

पहिली गोष्ट, न्यायालयातली लढाई सुरू होते ती बँकेच्या खातेनिहाय चौकशीत. पुढे न्यायाधीश बघतात ती त्याच चौकशीची फाइल.

समजा, अंगठा उठवणाऱ्या एका खातेदारानं तक्रार केली, की पासबुकात दिसतात तेवढे पैसे हाती पडले नाहीत. कॅशियरला आरोपपत्र मिळालं. पण चौकशी लागेपर्यंत दिवाळी उलटली आणि खातेदार बायकापोरांसह वीटभट्टीवर गेला. मग त्याचा जुना जबाब नुसता वाचून दाखवतात आणि 'आरोप सिद्ध' असा शेरा मारतात. अशा वेळी गप्प बसू नका. साक्षीदाराला बोलवा, मला उलटतपासणी करायची आहे, असं लेखी द्या आणि पोच घ्या. तुमची हरकत कामकाजात नोंदवली आहे ना, ते वाचून मगच सही करा. व्हाउचरच्या प्रती मागा. कॅमेऱ्याचं चित्रण काही काळानं पुसलं जातं, म्हणून ते पहिल्याच दिवशी मागा. बचावाला संघटनेचा जाणकार प्रतिनिधी घ्या.

याचा उपयोग होतो. पंजाब नॅशनल बँकेच्या एका शिपायावर ड्राफ्ट बुक चोरल्याचा आरोप होता. चौकशीत कागद सिद्ध करणारा साक्षीदारच आला नाही, भिस्त होती पोलिसांपुढच्या कबुलीवर. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती बडतर्फी रद्द केली. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी मिळणं हाही तुमचा हक्क आहे. तो याच न्यायालयाच्या १९९३ च्या निकालानं पक्का झाला.

मात्र पैसे खरोखरच खाल्ले असतील, तर रक्कम लहान होती हा बचाव सहसा चालत नाही. बँकेची नोकरी विश्वासावर चालते. फौजदारी खटल्यात सुटलात म्हणजे नोकरी आपोआप परत मिळते, असंही नाही.

आदेश मिळाला की आधी बँकेतच वरिष्ठांकडे अपील करा. राष्ट्रीयीकृत बँकांत त्याची मुदत साधारण ४५ दिवसांची असते. पुढची वाट तुमच्या कामावर ठरते. क्लार्क, शिपाई हे कायद्यानं कामगार. त्यांनी केंद्रीय कामगार आयुक्तांच्या सलोखा अधिकाऱ्याकडे जावं, तिथे जमलं नाही तर औद्योगिक न्यायाधिकरणाकडे. जिल्हा सहकारी बँकेचा कर्मचारी असेल, तर राज्याच्या कामगार खात्याकडे. राष्ट्रीयीकृत बँकेच्या अधिकाऱ्यानं मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करावी. खासगी बँकेविरुद्ध मात्र रिट सहसा चालत नाही.

पूर्वी बडतर्फीविरुद्ध अर्ज करायला कामगाराला तीन वर्षांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. आता दोन वर्षांपेक्षा जुना वाद सलोखा अधिकारी घेऊ शकत नाही आणि त्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

उच्च न्यायालय मुख्यतः चौकशी नियमानं झाली का, एवढंच तपासतं. न्यायाधिकरण पुरावा नव्यानं तोलू शकतं, शिक्षा कमीही करू शकतं. पण तिथेही जुनं रेकॉर्ड आडवं येतं. पुण्याच्या भारत फोर्जमध्ये कामावर झोपलेल्या कामगाराची बडतर्फी २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं कायम केली, कारण आधीचे ठपकेही होते. घटना होती १९८३ ची. म्हणजे एकवीस वर्षांहून अधिक काळ! मागचा पगार हवा असेल, तर बडतर्फीच्या काळात दुसरी नोकरी नव्हती, हे अर्जातच शपथेवर सांगा.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती आणि सर्व स्त्रिया यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. जाताना आरोपपत्र, चौकशीचं कामकाज, अहवाल आणि आदेश यांच्या प्रती न्या. आदेशाचं पाकीटही जपून ठेवा, कारण मुदत मोजताना त्यावरचा टपालाचा शिक्का कामी येतो.